तिसरी हाक

वासिल गेल्यावर राइसाने दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या होत्या. त्याच्या ट्रॅक्टरला कुणाला हात लावू द्यायचा नाही, आणि बायसनचं नाव घरात काढू द्यायचं नाही. नवं वर्ष लागलं आणि दोन्ही नियम एकाच वाक्यात मोडले.

"काकू, तुमचा उर्सूस ट्रॅक्टर द्याल का? बायसनसाठी हवाय," हुबेर्त दारात उभा राहून म्हणाला.

"आधी बूट झटक," राइसा म्हणाली. "आणि दार लाव. सगळं जंगल गरम करायला मी लाकडं फोडत नाही."

हुबेर्त बूट झटकून आत आला. हा राष्ट्रीय उद्यानाचा, म्हणजे पार्काचा, नवा माणूस. जंगलातल्या मोकळवनात हिवाळाभर बायसनना वाळलेलं गवत आणि बीट टाकायचं काम वासिलने जन्मभर केलं, ते आता याच्याकडे आलं होतं. ऑक्टोबरात अंगणात लाकडं रचता रचता वासिल ओंडक्यावर टेकला तो टेकलाच. हुबेर्तचा दोष एवढाच की तो वासिल नव्हता, आणि राइसाला तेवढा दोष पुरेसा होता. त्यातून तो कॅथलिक. त्याचा नाताळ होऊन आठवडा उलटलेला, तोंडावर केकाचं तेज. राइसा ऑर्थोडॉक्स. तिचा नाताळ जुन्या पंचांगाने अजून यायचा होता, आणि तोवर दूध, लोणी, अंडी, मांस सगळं बंद. उपवासाने माणूस प्रेमळ होतो असं पाद्रीबाबा सांगतात. पाद्रीबाबांना एकदा राइसाच्या स्वयंपाकघरात बसवायला हवं होतं.

"पार्काने नवाकोरा ट्रॅक्टर दिलाय ना तुला? गावभर मिरवतोस त्यावर."

"तोच तर घोळ आहे काकू. तो आवाजच करत नाही. आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं. कळपाला पत्ताच लागत नाही मी आलोय ते. गवत टाकून तासन् तास बसतो, एक शेपूट दिसत नाही."

"नाही आले तर नाही आले. जंगलात खायला काय कमी आहे त्या रानटी गुरांना?"

"जंगलात नाही, ते रस्ता ओलांडून मोहरीच्या शेतात जातात," हुबेर्त म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. "परवा लाकडाच्या ट्रकने एक पाडी उडवली. शेतकरी तर रोज बोंबलत येतात. पार्काने आता ठरवलंय. महिनाअखेरपर्यंत कळप मोकळवनात स्थिरावला नाही तर भूल देऊन पकडायचा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडायचा. तरणी जनावरं तग धरतील हो. म्हातारी नाही धरणार."

"कुठली म्हातारी?" राइसाने विचारलं, आणि विचारलं म्हणून स्वतःवरच चिडली.

"मोडक्या शिंगाची. वासिलकाका तिला घरधनीण म्हणायचे. सगळा कळप तिच्या मागून चालतो. त्या वयात भूल दिली तर बहुतेक उठणारच नाही, डॉक्टर म्हणाले."

राइसा चुलीकडे वळली. घरधनीण तिला चांगली ठाऊक होती, म्हणजे कानांनी ठाऊक होती. घरधनीण आज लंगडत होती. घरधनिणीने आज पोरांना कडेला उभं केलं आणि आधी स्वतः खाल्लं. घरधनिणीला यंदाही वासरू झालं, या वयात, बघ. वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलाशी राइसाने रांधायचं आणि वासिलने कौतुक त्या म्हशीचं करायचं. आपली सवत म्हणूनच ती त्या बाईला ओळखत होती.

"बॅटरी काढून ठेवली असेल ना तुम्ही? उतरली असेल एव्हाना," हुबेर्त म्हणाला.

राइसा चुलीतली लाकडं सारत राहिली. हुबेर्तनेच इकडेतिकडे पाहिलं आणि चुलीशेजारी, जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली, ट्रॅक्टरची बॅटरी त्याला दिसली. थंडीत वासिल ती रोज संध्याकाळी काढून आणायचा, सकाळी नेऊन बसवायचा. तो गेल्यावरही ती तिथेच होती, आणि दर आठवड्याला चार्ज करून ठेवलेली होती.

"बघत काय बसलायस? उचल," राइसा म्हणाली. "आणि गिअर दांडगाईने टाकू नकोस. त्याला समजावून टाकावा लागतो."

आता खरं सांगायचं तर, राइसाने चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही मोकळवनात जाऊन बायसन पाहिले नव्हते. स्तारा ग्रोब्ला गावापासून मोकळवन चालत अर्ध्या तासावर. लांबलांबची माणसं दुर्बिणी गळ्यात घालून येत, राइसाच्याच माडीवरच्या खोलीत उतरत, तिच्याच हातचं खात, भल्या पहाटे वासिलबरोबर जात आणि नाक लाल करून, डोळे चमकवत परत येत. राइसा म्हणायची, "काय ठेवलंय त्यात? गुरं ती गुरंच. शेण काढायचं नसलं की सगळ्यांनाच गुरं गोड वाटतात." काखेत कळसा म्हणतात तो असा.

एक पोझ्नान शहरातली मास्तरीण मात्र दर हिवाळ्यात न चुकता यायची. मागच्या वर्षी ती अशीच वासिलबरोबर मोकळवनातून परतली, आणि त्या संध्याकाळी राइसा ओसरीवर येऊन नवऱ्याला जेवायला हाका मारू लागली. मास्तरीण एकदम फिसकन हसली. हसता हसता जिन्यावर बसली, डोळे पुसू लागली. राइसाने विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो, तुमच्या नवऱ्याला विचारा." नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "शिकलेल्या बायका कशालाही हसतात."

त्या हाकांचं म्हणाल तर त्या अख्ख्या गावाला पाठ होत्या. वासिल एका हाकेला येणारा माणूस नव्हता. गोठ्यामागे काहीतरी खुडबुडत असायचा. राइसा ओसरीवर उभी राहून कमरेवर हात ठेवायची आणि सूर लावायची, शेवट उंच नेऊन: "वासिल! ये गिळायला! गार झालं सगळं!" उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा उत्तर नाही. गावातले म्हणायचे, पहिली हाक कोंबड्यांना, दुसरी शेजाऱ्यांना, तिसरी वासिलला. तिसऱ्या हाकेला गोठ्यामागून "आलो, आलो" असा आवाज यायचा आणि मग तो यायचा, टोपीला गवत चिकटलेलं. राइसा म्हणायची, "बहिरा आहेस का? तुझ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." तो म्हणायचा, "सूप छान झालंय." अजून ताटात पडलेलंही नसायचं.

ऑक्टोबरपासून ती ओसरी मुकी झाली होती. शेजारची ल्यूबा एकदा म्हणाली होती, "तुझ्या हाका बंद झाल्यापासून माझी जेवणाची वेळच चुकते बघ." त्यावर दोघीही रडल्या होत्या.

उर्सूस घेऊन गेलेला हुबेर्त दोन दिवसांनी बॅटरी परत ठेवायला आला तो अर्धा खुशीत, अर्धा रडकुंडीला.

"काकू, आवाज ओळखला त्यांनी. मी मोकळवनात शिरलो आणि काही वेळातच झाडांमागे काळं काळं हललं. सगळा कळप. म्हातारी सगळ्यात पुढे."

"मग झालं तर."

"झालं कुठलं? तिथेच उभे. झाडांच्या आत. एक पाऊल पुढे टाकत नाहीत. माझ्याकडे बघतात, गवताकडे बघतात, उभेच राहतात. मी शिट्टी मारली, डबा वाजवला, काल तर रेडिओ लावला."

"रेडिओ?"

"भजनं लागली होती."

"कॅथलिक भजनं ऐकून इथली गुरं बाहेर येणार होय," राइसा म्हणाली. "मग काय केलं त्यांनी?"

"अंधार पडायला लागला तसे वळले आणि गेले रस्त्याकडे. मी मागे धावत गेलो, दोन्ही बाजूंचे ट्रक हात करून थांबवले. एकाने मला अशा शिव्या घातल्या म्हणून सांगू. काकू, काका त्यांना बोलावताना काय करायचे हो? काहीतरी करत असतील. काय म्हणायचे?"

"मला काय ठाऊक? मी कधी गेले होते का तिथे?" राइसा म्हणाली. तिला हे तोंडाने कबूल करताना पहिल्यांदाच जरा लाज वाटली.

मग नाताळची संध्याकाळ आली. राइसाने पांढरा टेबलक्लॉथ अंथरला आणि त्याखाली, रीतीप्रमाणे, वाळलेलं गवत पसरलं. येशू गव्हाणीत जन्मला त्याची आठवण. गव्हाची खीर केली, मध आणि खसखस घालून. एक ताट रिकामं मांडलं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. ते दरवर्षीच मांडतात, पण यंदा तिला त्या ताटाकडे बघवेना. ल्यूबा आणि तिचा नवरा आले होते, त्यांनी खूप गप्पा मारल्या, आणि त्या ताटाविषयी कुणी बोललं नाही. बरं केलं.

सण सरला तसं ते गवत राहिलं. त्या गवताचीही रीत आहे. ते पवित्र झालेलं असतं, उकिरड्यावर टाकायचं नाही, चुलीत घालायचं नाही, घरच्या जनावरांना द्यायचं. राइसाची गाय विकून वर्षं झाली होती. गाय गेल्यापासून वासिल ते गवत सदऱ्यात खोचून बायसनना नेऊन द्यायचा. "तीही घरचीच," म्हणायचा. राइसा त्या मूठभर गवताकडे बघत बराच वेळ उभी राहिली. ल्यूबाच्या गाईला देता आलं असतं. पण ल्यूबाकडे तिचं स्वतःचं गवत होतं, आणि जंगलातल्या त्या म्हातारीला महिनाअखेर भूल देणार होते.

सकाळी हुबेर्त बॅटरी न्यायला आला तेव्हा राइसा वासिलचा मेंढीच्या कातड्याचा कोट घालून तयार होती. काखेत टॉवेलात गुंडाळलेली किसलेल्या बटाट्याची बाबका, आताच भट्टीतून काढलेली. उपवास संपला होता, त्यामुळे बाबकेत डुकराच्या चरबीचे तुकडे सढळ हाताने पडले होते.

"काकू, तुम्ही?"

"का? तिकीट लागतं का? नसेल तर सरक, मला मडगार्डवर बसायचंय."

उर्सूस ठुक-ठुक करत जंगलात शिरला. बर्फ ताजं होतं, रात्रीच पडलेलं, आणि वाटेवर कुणाचं पाऊल नव्हतं. म्हणजे माणसाचं नव्हतं. हुबेर्त बोट दाखवत होता, हे सशाचं, हे कोल्ह्याचं, तो बघा सरळ रेषेत गेलाय, आणि हे, काकू, हे लांडग्यांचं, एकाच्या पावलात दुसऱ्याने पाऊल टाकलंय. राइसाला हे सगळं नवं नव्हतं, वासिलने तेही जेवताना सांगितलं होतं. पण टेबलाशी बसून ऐकणं वेगळं आणि ट्रॅक्टरवरून वाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघणं वेगळं.

मोकळवन केवढं मोठं होतं. तिने मनात ते परसाएवढं धरलं होतं. चारी बाजूंनी ओक आणि देवदारांची भिंत, मध्ये सपाट पांढरं, आणि एका कडेला वासिलने बांधलेलं मचाण. हुबेर्तने गवत आणि बीट ओळीने टाकले. राइसाने कोटात खोचून आणलेलं टेबलावरचं मूठभर गवत नेऊन पहिल्या ढिगावर ठेवलं आणि मचाणाची शिडी चढून वर गेली. तिथे एक बाकडं होतं. बाकड्यावर जुनी उशी होती, तिच्याच घरची, जी गेली चार वर्षं ती शोधत होती.

"चोर," राइसा म्हणाली आणि उशीवर बसली.

हुबेर्त ट्रॅक्टर बंद करून वर आला. त्याने तिला वासिलची दुर्बीण दिली, खुंटीलाच लटकत होती ती. सुरुवातीला तिला स्वतःच्या पापण्यांशिवाय काही दिसेना. मग जमलं.

आधी पक्षी आले. निळ्या पिसांचे, भांडखोर, बीटांवर येऊन एकमेकांना शिव्या देऊ लागले. "ही ल्यूबा आणि तिची जाऊ," राइसा पुटपुटली. मग तीन लहान हरणं आली, इतकी हलकी की बर्फाला आपण पाय लावतोय याचीही त्यांना भीड वाटत असावी. गवताच्या दोन काड्या खायच्या, मान वर, दोन काड्या, मान वर. वाळलेल्या झाडावर मोठा काळा सुतारपक्षी ठोकत होता, लाल टोपी घालून. डोमकावळे वरून बोलत गेले. एक कोल्हा मोकळवन ओलांडताना मध्येच थांबला, कान तिरके केले, उंच उडी मारून तोंडावर बर्फात पडला आणि उंदीर घेऊन वर आला. राइसाला हसू आवरेना. तिने हसू दाबायला हातमोजा तोंडात धरला.

इतकी वर्षं हा हे बघायला यायचा आणि मला ये म्हणायचा, तिच्या मनात आलं. दर वर्षी एकदा तरी म्हणायचाच. आणि दर वर्षी तिला लोणचं घालायचं असायचं.

"आले," हुबेर्त कानाशी म्हणाला.

पलीकडच्या झाडांमध्ये एक काळोख होता तो हलला. मग त्याला तोंड फुटलं, दाढी फुटली, पाठीवर बर्फ घेतलेली केवढाली वशिंडं दिसली. दहा, बारा, मग तिने मोजायचं सोडलं. त्यांचे श्वास वाफ होऊन वर जात होते. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी, रोडावलेली, डावं शिंग अर्धं. तिच्या पोटाशी गेल्या उन्हाळ्यातलं वासरू.

राइसाने दुर्बीण खाली केली नाही. बराच वेळ बघत राहिली. ही ती.

"बघा, आता अशाच उभ्या राहतील," हुबेर्त म्हणाला. "तासभर. मग वळतील. मी खाली जाऊन गवत जरा जवळ ओढून बघतो." तो शिडीवरून उतरला, गवत ओढायचा काटा घेतला आणि मोकळवनाच्या कडेकडेने गवत सारत लांब गेला.

कळप उभाच होता. थंडी बोटांतून वर चढत होती. राइसाने टॉवेल सोडला, बाबकेला हात लावून पाहिला. जेमतेम कोमट. आणि हुबेर्त तिकडे त्या टोकाला वाकून गवताशी झटापट करत होता, जेवणाखाण्याची शुद्ध नाही. सगळे पुरुष एका माळेचे मणी. राइसा उभी राहिली. कमरेवर हात गेले. तिने ठरवून काही केलं नाही, चाळीस वर्षांची सवय होती ती.

"हुबेर्त! ये गिळायला! गार झालं सगळं!"

हुबेर्तला बहुधा टोपीमुळे ऐकू गेलं नाही. पण झाडांमध्ये मोडक्या शिंगाची मान ताडकन वर झाली. राइसाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती हुबेर्तवर चिडली होती.

"हुबेर्त! ये गिळायला! गार झालं सगळं!"

आता अख्ख्या कळपाच्या माना वर होत्या. हुबेर्त वळला आणि हात हलवला, हे आलोच, थोडं राहिलंय. त्या हात हलवण्याने राइसाच्या डोक्यात सणक गेली. तोच हात, तेच थोडं राहिलंय. तिने छाती भरून घेतली आणि सूर लावला, शेवट उंच नेऊन, जसा ओसरीवर लागायचा तसा.

"वासिल! ये गिळायला! गार झालं सगळं!"

नाव तोंडातून गेलं आणि तिचा हात तोंडावर आला. खाली हुबेर्त जागच्या जागी थांबला.

आणि म्हातारी चालू लागली.

घाईने नाही. झाडांमधून बाहेर आली, छातीने बर्फ सारत, आणि तिने पाडलेल्या वाटेने मागून एकामागे एक सगळा कळप, गाई, पाड्या, गेल्या वर्षीची वासरं. हुबेर्त हळूहळू मागे सरकत मचाणाच्या शिडीशी आला. कळप थेट गवताच्या ओळीवर आला. म्हातारीने पहिल्याच ढिगात तोंड घातलं, जिथे टेबलावरचं गवत होतं, आणि खाऊ लागली. तोंडाभोवतीची दाढी हलत होती. ती चघळण्याचा आवाज मचाणापर्यंत येत होता.

हुबेर्त वर आला.

"काकू," तो हळूच म्हणाला. "काका त्यांना हे म्हणायचे."

राइसा बाकड्यावर बसली होती, उशीवर. तिला पोझ्नानची मास्तरीण आठवली, जिन्यावर बसून डोळे पुसणारी. दर सकाळी इथे उभा राहून तो तिची नक्कल करायचा. स्वतःच्या नावासकट. कमरेवर हातही ठेवत असेल मेला. राग यायला हवा होता, आणि क्षणभर आलाही. माझी टवाळी, तीही गुरांपुढे. पण तो राग वर येता येता वाटेतच कुठेतरी विरघळला, आणि तिला एवढं मोठं रडू आलं की हुबेर्त घाबरला.

"चाळीस वर्षं," ती रडता रडता म्हणाली, आणि ती हसतही होती. "चाळीस वर्षं मला वाटत होतं, या माणसाला माझं काही ऐकूच जात नाही. ऐकत होता रे. पहिल्या हाकेपासून ऐकत होता. चालीसकट पाठ होतं त्याला. मुद्दामच यायचा नाही."

"का पण?"

"मी पुन्हा हाक मारावी म्हणून," राइसा म्हणाली. हे तिला आत्ता, बोलता बोलताच कळलं होतं. "आणखी कशाला?"

हुबेर्तने टॉवेल तिच्यापुढे धरला. तिने त्यात नाक शिंकरलं, मग त्यातलीच बाबका मोडून त्याला अर्धी दिली. दोघं खात बसली. बाबका गार झाली होती. खाली घरधनीण खाता खाता थांबली, मान वर करून मचाणाकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली तोंड घातलं.

राइसाला आभार मानायचे होते. देवाचे मानले, ते सोपं होतं, त्याची सवय होती. वासिलचे मानले, ते मनातल्या मनात, शिव्यांसकट. उरली ती खालची म्हातारी. नवरा गेला तेव्हा त्याची टोपी राहिली, कोट राहिला, बॅटरी राहिली. पण त्याने नक्कल करून ऐकवलेला राइसाचाच आवाज या जनावराने कानात जपून ठेवला होता, ऑक्टोबरपासून, झाडांच्या आत उभं राहून, कुणी तो परत आणेपर्यंत. तिला सवत म्हणाले होते मी, राइसाला वाटलं, आणि ती तर माझ्यासारखीच वाट बघत होती.

"बाई, तुझे उपकार आहेत माझ्यावर," ती म्हातारीला म्हणाली, अगदी स्पष्ट, हुबेर्त ऐकतोय याची पर्वा न करता.

"उद्या?" हुबेर्तने विचारलं.

"उद्याही येते. परवाही. तू शेजारी उभा राहून म्हणत जा, तुझाही आवाज ओळखू देत त्यांना. पण शब्द तेच. नावही तेच. सुधारायला जाऊ नकोस."

महिना संपला. भूल देणारी गाडी आली नाही, कारण कळप रोज सकाळी मोकळवनात होता आणि पोट भरलं की जंगलातच पडून राहत होता. मोहरीवाले शेतकरी आता दुसऱ्या कशावरून तरी बोंबलू लागले. माडीवरच्या खोलीत पोझ्नानची मास्तरीण आली. राइसाने तिला आधी चहा दिला आणि मग बोलणी, वर्षभर ही गोष्ट पोटात ठेवल्याबद्दल.

ल्यूबा मात्र एके सकाळी कुंपणाशी उभी होती. राइसा कोट घालून, बॅटरी उचलून निघाली होती.

"काल सकाळी वारा जंगलाकडून होता," ल्यूबा म्हणाली. बोलताना ती चाचरत होती, राइसा दुखावली जाऊ नये म्हणून. "मला वाटलं... तू वासिलला हाका मारत होतीस. खरंच, की मला भास झाला?"

"खरंच."

"अगं, पण..."

"आला ना," राइसा म्हणाली. "तिसऱ्या हाकेला. नेहमीसारखा." आणि ती बॅटरी सावरत ट्रॅक्टरकडे गेली, कारण जंगलात कुणीतरी वाट बघत होतं आणि बाबका गार होत होती.